मालकाच्या नावाचा रकाना

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. इथले दहा हजार प्रशिक्षित तरुण तिकडे कामाला पाठवायचे, त्यांच्या जर्मन भाषेच्या शिक्षणाची सोय शासनाने करायची, असे ठरले. परक्या मुलखात जाणाऱ्या माणसाला आपण कोणाकडे आणि कशासाठी चाललो आहोत हे आधी कळले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व योग्यच आहे.

त्याच फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातील काही लाख माणसे घराला कुलूप लावून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि पलीकडे बेळगाव, बागलकोटच्या उसाच्या फडांत होती. त्यांपैकी बहुतेकांजवळ आपला मालक कोण, काम किती दिवसांचे, दर काय, हे सांगणारा एकही कागद नव्हता. आजही नाही.

हंगामापुरते मजूर बाहेरून आणायचे आणि पीक निघाले की परत पाठवायचे, ही रीत जगभर आहे. अमेरिका त्यासाठी एच-टू-ए व्हिसा देते. कॅनडाने 1966 साली जमैकातून शेतमजूर आणायला सुरुवात केली, न्यूझीलंडने 2007 पासून प्रशांत महासागरातील बेटांवरून मजूर आणले, स्पेन स्ट्रॉबेरी तोडायला मोरोक्कोच्या बायका आणतो. बीडचा ऊसतोड कामगार यातला कुठलाच व्हिसा घेत नाही, कारण तो आपल्याच देशात फिरतो. पण व्यवस्थेचे सांधे तेच आहेत. हंगाम तोच, मधला दलाल तोच, आधी घेतलेल्या पैशांनी एका मालकाशी बांधले जाणे तेच, आणि कामाच्या जागीच तात्पुरते बिऱ्हाड थाटणेही तेच. म्हणून ही तुलना करून पाहण्यासारखी आहे. ती केल्यावर दिसते ते असे की परदेशी मजुराच्या हाती निदान जो कागद असतो, तोही बीडच्या नागरिकाच्या हाती नाही.

बीडची भूमी या स्थलांतराचे पहिले कारण सांगते. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचा डोंगर जातो. उत्तरेला गोदाकाठची काळी जमीन, माजलगावचे धरण आणि कालव्याचे पाणी आहे. वर डोंगरावर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांत मुरमाड, हलकी, पावसाच्या भरवशावरची शेती आहे. बाजरी निघाली, कापसाच्या एक-दोन वेचण्या झाल्या की रानात काम उरत नाही. वंजारी समाज या कामात मोठ्या संख्येने आहे. त्याबरोबर मराठा, दलित, बंजारा, धनगर अशा अनेक समाजांतील कुटुंबे आहेत. शेजारचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुकेही याच वाटेने जातात. प्रवरानगरला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तिथे पाणी आणि ऊस होता, इथे रिकामे हात होते. 1972 च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. आज राज्यात ऊसतोड कामगारांची संख्या साधारण बारा ते पंधरा लाख मानली जाते आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा बीडचा धरला जातो. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती. एवढ्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या आसपास किती गावे ओस पडत असतील, याची कल्पना त्यावरून यावी. मागे उरतात ती म्हातारी माणसे, त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडे आणि जनावरे.

बीडमध्येही कारखाने आहेत. तेलगावचा सुंदरराव सोळंके कारखाना, परळीजवळचा वैद्यनाथ, गेवराईतील गढीचा जय भवानी ही नावे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहेत. तरीही बीडच्या ऊसतोड कामगारांची टोळी बीडमध्ये थांबत नाही. कारण टोळी कुठे जाणार हे ऊस ठरवत नाही, उचल ठरवते.

उचल म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी रक्कम. ती जोडप्याला मिळते आणि त्या जोडप्याला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पूर्वी काही हजारांत असणारी ही रक्कम गेल्या काही वर्षांत लाखाच्या घरात गेली आहे. पोराचे आजारपण, लेकीचे लग्न, घराचे पत्रे, आधीच्या हंगामाची अंगावर राहिलेली बाकी, यांत ती कोयता धरण्याआधीच संपते.

हा पैसा येतो कुठून, हे नीट पाहिले की साऱ्या व्यवस्थेचा नकाशा उलगडतो. कारखाना स्वतः मजूर ठेवत नाही. तोडणी आणि वाहतुकीचे काम तो वेगळ्या संस्थेमार्फत चालवतो. ती संस्था ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या मालकाशी करार करते. वाहनमालकाच्या नावावर बँकेचे कर्ज निघते, मागे कारखान्याची हमी असते. वाहनमालक ते पैसे मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाला देतो, मुकादम गावात येऊन टोळीला वाटतो. वरच्या पायऱ्यांवर सगळीकडे कागद असतो, सह्या असतात, तारण असते. मुकादमापासून खाली मात्र शब्द असतो. फार तर एखादी कोऱ्या कागदावरची सही किंवा अंगठा. म्हणजे ज्या पायरीवर माणूस सर्वांत दुबळा, नेमक्या त्याच पायरीवर कागद संपतो.

मुकादमाला केवळ खलनायक ठरवणे सोपे असले तरी खरे नाही. तो बहुधा त्याच गावचा, त्याच भावकीतला, पुष्कळदा स्वतः कोयता चालवलेला असतो. टोळीतला कोणी पळाला किंवा दोन ठिकाणी उचल घेऊन बसला तर वाहनमालक मुकादमाच्या दारात येतो. उलट उचल घेऊन मुकादमच परागंदा झाल्याने पश्चिम महाराष्ट्रातले वाहनमालक कर्जात बुडाल्याची, त्यावरून फौजदारी गुन्हे दाखल झाल्याचीही प्रकरणे बरीच आहेत. वसुलीसाठी माणसे डांबून ठेवल्याच्या तक्रारी याच साखळीतून येतात. नुकसान फिरत फिरत खाली येते आणि शेवटी एखाद्या कुटुंबाच्या अंगावर बसते. या सगळ्यात कारखाना मात्र मालक म्हणून कुठेच अडकत नाही.

आता हिशेब. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या साखर संकुलात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ दिली. टनाला 273 रुपयांच्या आसपास असलेला दर 366 च्या घरात गेला, मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी ज्या संपांच्या जोरावर ही वाटाघाटीची पद्धत रुजवली, त्यांचे मोल मोठे आहे. संप आणि लवाद नसते तर हा दरही वाढला नसता. पण गणित मांडून पाहावे. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरतो असे धरले तर 732 रुपये होतात. दोन माणसांचे मिळून, आणि पहाटे चारपासून रात्री गाडी भरेपर्यंतचे. शंभर दिवसांचे 73 हजार 200 होतात आणि दीडशे दिवसांचे एक लाख नऊ हजार 800. दर आठवड्याला घेतलेली खर्ची यातूनच वजा होते. उचल लाखाची असेल तर दीडशे दिवसांच्या हंगामात ती कशीबशी फिटते, शंभर दिवसांच्या हंगामात फिटत नाही.

हंगामाची लांबी कामगाराच्या हातात नसते. 2021-22 मध्ये राज्यात ऊस इतका होता की जून उजाडला तरी गाळप चालू होते आणि सुमारे 137 लाख टन साखर झाली. 2024-25 मध्ये उत्पादन 80 लाख टनांच्या आसपास घसरले आणि कित्येक कारखान्यांचा हंगाम तीन महिन्यांच्या आतच आटोपला. पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप लवकर थांबले, की कारखान्याचा तोटा ताळेबंदात दिसतो. कोयत्याचा तोटा पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळतो आणि ते कुटुंब पुन्हा त्याच मुकादमाच्या गाडीत बसते.

इथे अमेरिकेचा नियम आठवतो. एच-टू-ए व्हिसावर मजूर आणणाऱ्या शेतमालकाला लेखी करार द्यावा लागतो. राहण्याची जागा फुकट द्यावी लागते, ठरल्याप्रमाणे काम केलेल्या मजुराचा येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागतो, आणि करारात लिहिलेल्या एकूण कामापैकी निदान तीन चतुर्थांश कामाची हमी द्यावी लागते. काम लवकर संपले तरी त्या हमीपुरती मजुरी द्यायची. 2024 च्या आर्थिक वर्षात तिथे पावणेचार लाखांहून अधिक जागांना या व्हिसाखाली मंजुरी मिळाली. अशी हमी महाराष्ट्रात असती, तर आखडलेल्या हंगामाचा सगळा भार कोयत्यावर पडला नसता.

पण या व्हिसाला आदर्श मानण्याचेही कारण नाही. त्यावर आलेला मजूर एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालक वाईट निघाला तर त्याने काम सोडायचे म्हणजे देशही सोडायचा. मायदेशी दलालाला दिलेल्या पैशांचे कर्ज डोक्यावर असतेच. त्याआधीचा ब्रासेरो कार्यक्रम 1942 ते 1964 असा चालला, त्यात मेक्सिकोच्या मजुरांशी 46 लाखांच्या आसपास करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापून मेक्सिकोच्या बँकांकडे पाठवली गेली आणि असंख्य मजुरांना ती कधीच मिळाली नाही. कागद होता, सरकारे होती, तरी मजुराचा पैसा बुडाला.

बीडला सर्वांत जवळची गोष्ट आहे ती फ्लोरिडाची. ओकीचोबी तळ्याच्या काठी उसाची मोठी शेती आहे. 1942 मध्ये तिथल्या युनायटेड स्टेट्स शुगर कॉर्पोरेशनवर कृष्णवर्णीय मजुरांना कर्जाच्या नावाखाली डांबल्याचा खटला दाखल झाला. ज्युरीच्या निवडीतील दोषामुळे तो टिकला नाही. पुढच्याच वर्षी, 1943 मध्ये, वेस्ट इंडीजमधून हंगामी तोडकरी आणायला सुरुवात झाली आणि पुढची पन्नास वर्षे दर हिवाळ्यात जमैका आणि आसपासच्या बेटांवरून हजारो माणसे कोयते घेऊन तिथे राबली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कोर्टात दावे लावले. मजुरी किती सरींची आणि प्रत्यक्ष तास किती, यात आपली फसवणूक होते, कामाचे तास कमी दाखवले जातात, ही त्यांची तक्रार होती. ते दावे उभे राहू शकले, कारण मजुरांच्या हाती करार होता आणि करारावर मालकाचे नाव होते. निकाल सगळेच त्यांच्या बाजूने लागले नाहीत. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मळेवाल्यांनी माणसे काढून यंत्रे आणली. पण प्रश्न न्यायालयात विचारता आला. बीडच्या कोयत्याने आपल्या तासांचा हिशेब कुठल्या न्यायालयात आणि कोणाविरुद्ध मागावा?

उसासाठी समुद्र ओलांडण्याचा इतिहास मराठी माणसालाही आहे. मॉरिशसमध्ये 1834 पासून गिरमिटिया मजूर जाऊ लागले. त्यांच्यात मुंबई बंदरातून गेलेले, बहुतांशी कोकणातले मराठीभाषक होते. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आज तिथे गणपती बसवते आणि मराठी शिकते. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात एक नियम होता. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. बीडच्या टोळीत याला खाडा म्हणतात. आजारपणाने, पाळीमुळे, लेकराच्या तापामुळे एक दिवस फडात गेले नाही तर त्या दिवसाची कमाई जातेच, वर दंड लागतो. तो अनेक टोळ्यांत पाचशे रुपयांच्या पुढे असतो. म्हणजे एका दिवसाच्या आजारपणात जोडप्याची बहुतेक दीड-दोन दिवसांची कमाई जाते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1910 मध्ये नाताळला जाणारी मजूरभरती थांबवण्याचा आणि 1912 मध्ये गिरमिटाची सगळी भरतीच बंद करण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला. माणसाला कर्ज आणि दंड यांनी कामाशी बांधणे हा करार नव्हे, ही भूमिका एका मराठी नेत्याने तिथे ठामपणे घेतली होती. त्या भूमिकेला शंभर वर्षे उलटली. त्याच महाराष्ट्रात खाड्याचा दंड अजून चालतो, हे मान खाली घालायला लावणारे आहे.

या दंडाची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. 2019 च्या उन्हाळ्यात बीडच्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत जिल्ह्यातील 82 हजार 309 ऊसतोड महिलांची नोंद घेतली गेली. त्यांपैकी 13 हजार 861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडमधल्या अनेकजणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

ही शस्त्रक्रिया कोणी सक्तीने केली असे नाही, असे सांगितले जाते. पण बाईचा दिवस पाहावा. पहाटे तीनला उठून भाकरी. उजाडायच्या आत फडात. वाकून तोडलेला ऊस गोळा करायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. अंघोळीला आडोसा नाही, शौचाला जागा नाही, फडात प्यायला कालव्याचे किंवा बोअरचे जे मिळेल ते पाणी. पाळीच्या दिवसांत ओल्या चिंध्यांनिशी काम. अंगावर पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून ती खासगी दवाखान्यात जाते. पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घातली जाते. काढून टाकली की पाळी नाही, म्हणजे खाडा नाही. शस्त्रक्रियेचे पैसे उचलीतूनच जातात. काही आठवड्यांत ती पुन्हा मोळी उचलते. हाडे ठिसूळ होणे, पाठ, गुडघे, गरगरणे हे सगळे नंतर येते. यात निवड कुठे आहे? त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीचा नियम आला. तो गरजेचा होता, पण फडातले पाणी आणि आडोसा त्याने आला नाही. ते द्यायचे कोणी, हे ठरलेलेच नाही.

याच ठिकाणी स्पेनचा उवेल्वा प्रांत आठवतो. स्ट्रॉबेरीसाठी मोरोक्कोहून बायका आणताना घरी लहान मुले असलेल्यांनाच तिथे पसंती दिली जाते; लेकरांच्या ओढीने त्या परत जाणार, हा हिशेब. बीडमध्ये जोडपे लागते. अर्ध्या कोयत्याला उचल कमी आणि मागणीही कमी. त्यामुळे मुलगा कामाला लागला की घरात सून आणायची घाई होते आणि वयात येणारी मुलगी एकटी मागे ठेवण्याच्या भीतीने तिचेही लग्न लवकर उरकले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 मध्ये, बीडमधील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्के जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. राज्याच्या सरासरीच्या ही दुप्पट. गुन्हे दाखल करून हे थांबवण्याचा प्रयत्न होतो आणि झालाही पाहिजे, पण जोवर मजुरीचे एकक जोडपे आहे तोवर प्रत्येक लग्नात एक कोयता वाढतो.

मुलांच्या शिक्षणाचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण इथे उपाय सापडले आहेत आणि सोडूनही दिले गेले आहेत. जनार्थ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या मागे पडल्या. गावातच मुलांना ठेवून जेवण देणारी हंगामी वसतिगृहे आली. पुढे 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत मुलामुलींसाठी 82 शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली आणि त्यांतली काही सुरूही झाली. जिथे वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळी निघण्याआधी उघडते, तिथे मुले मागे राहतात. दिवाळीनंतर महिनाभराने उघडले तर मुले तोवर फडात पोचलेली असतात.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले. गाळलेल्या उसावर कारखान्याने टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, अशी निधीची सोय झाली. 2021 मध्ये ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून कामगारांना ओळखपत्रे देण्याचा निर्णय झाला. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत फडांवर अडकलेल्या एक लाखाहून अधिक कामगारांना गावी परत आणताना प्रशासनाला याच नोंदींची उणीव भासली होती. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील वृत्तावरून या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बीडच्या बायकांची कहाणी जगातल्या मोठ्या शीतपेय कंपन्यांच्या साखरेशी जोडून दाखवली.

तरी या सगळ्या उपायांत एक फट राहते. ओळखपत्रावर कामगाराचे नाव, गाव असते. मालकाचे नाव नसते. महामंडळ कल्याण करते, मालक जबाबदारी घेत नाही. कारखान्याला विचारले तर तो मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम वाहनमालकाकडे, वाहनमालक कारखान्याकडे.

कायद्याला हा प्रश्न अनोळखी नव्हता. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात प्रमुख मालक ही कल्पना स्पष्ट होती. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती प्रमुख मालकाने द्यायची, पाणी, शौचालय, प्रथमोपचार कंत्राटदाराने दिले नाहीत तर त्याने द्यायचे. अधूनमधून चालणारी कामे त्या कायद्याने वगळली होती, पण वर्षात साठ दिवसांहून अधिक चालणारे हंगामी काम वगळले नव्हते. आखडलेला ऊस हंगामही साठ दिवसांच्या पुढेच जातो. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परवानाधारक कंत्राटदार, विस्थापन भत्ता, प्रवासभत्ता हे सगळे सांगितले. म्हणजे बीडचे जोडपे कागलच्या फडात असेल तर एक कायदा, आणि तिथून अर्ध्या तासावरच्या निपाणीत असेल तर दुसरा. व्यवहारात दोन्हीकडे काहीच नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. नव्या संहितेत स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेला कामगारही धरला आहे, ही जमेची बाजू. विस्थापन भत्ता मात्र गेला, आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा पन्नास कामगारांची आहे. ऊसतोडीची एक टोळी बहुधा त्याहून लहान असते. कारखान्याच्या सगळ्या टोळ्या एकत्र मोजल्या तरच ती मर्यादा ओलांडली जाईल, आणि तसे मोजण्यासाठी आधी कारखाना हा मालक मानावा लागेल.

परदेशी जाणाऱ्यांसाठी हाच देश वेगळा वागतो. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशात मजूर पाठवणाऱ्या दलालाला नोंदणी करावी लागते, बँक हमी ठेवावी लागते आणि मजुराकडून घ्यायच्या शुल्कावर तीस हजार रुपयांची मर्यादा आहे. आखातात जाणाऱ्यांची फसवणूक त्याने थांबली असे नाही, पण फसवणाऱ्याचा पत्ता सरकारकडे असतो. शिरूर कासारहून कागलला माणसे नेणाऱ्याचा पत्ता मात्र कुठल्याही सरकारी दप्तरात सापडण्याची खात्री नाही.

नागरिक म्हणून बीडच्या कामगाराकडे एक गोष्ट आहे जी परदेशी मजुराकडे नसते. ती म्हणजे मत. तेही हंगामात अडकते. 2024 मध्ये गाळप 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरले आणि विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार गाड्या करून माणसे फडातून आणतात, कारण तिथे दहा मतांवर सरपंच ठरतो.

ऊसतोडणी यंत्र हा शेवटचा उपाय म्हणून पुढे केला जातो. 900 यंत्रांना प्रत्येकी 35 लाखांपर्यंत अनुदान देण्याची योजना राज्यात आली. लहान तुकडे, अरुंद सरी, पावसाळी चिखल यांमुळे यंत्राची चाल मंद आहे, पण ते येणार. फ्लोरिडात तोडकरी गेले तेव्हा ते परदेशी होते आणि आपापल्या बेटांवर परतले. बीडचा कोयता थांबेल तेव्हा ती माणसे इथेच, बालाघाटच्या त्याच माळावर असतील. यंत्राला अनुदान देताना त्यांच्यासाठी दुसरे कोणते काम उभे करायचे, याचा आराखडा कोणी मांडलेला दिसत नाही.

जानेवारी 2024 चा दरकरार तीन वर्षांचा, म्हणजे 2025-26 च्या हंगामापर्यंतचा आहे. नव्या वाटाघाटीत पुन्हा टक्केवारीवर घासाघीस होईल आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच बैठकीत एक मागणी दरापेक्षा पुढे ठेवता येईल. प्रत्येक कारखान्याला गाळपासाठी दरवर्षी साखर आयुक्तांचा परवाना लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाची कायद्याने ठरलेली किमान किंमत, थकवली म्हणून परवाने अडवले गेले आहेत, आणि परवाना अडला की थकबाकी हलते, हा अनुभव आहे. टनामागचे दहा रुपयेही कारखान्याच्याच गाळपावर आकारले जातात. म्हणजे तोडणारा माणूस आपला आहे, हे हिशेबात तरी मान्य झालेले आहे. मग परवान्याच्या अर्जासोबत टोळीनिहाय कामगारांची यादी मागावी. तीत नवरा आणि बायको यांची स्वतंत्र नावे, स्वतंत्र बँक खाती, दिलेली उचल आणि किमान हमीचे टन असावेत, खाड्याचा दंड निषिद्ध असल्याचे कलम असावे, तळावरील पाणी-शौचालयाची जबाबदारी लिहिलेली असावी, आणि वर मालकाच्या रकान्यात कारखान्याचे नाव असावे. हे फॉर्म आष्टी, पाटोदा, धारूरमध्ये टोळ्या गाड्यांत बसण्याआधी, दसऱ्यापर्यंत भरून घ्यावे लागतील. त्यानंतर कामगार एका जागी सापडत नाही.